एकाच बाकावर : करवीरच्या शाळा, सोबती आणि समान संधी

कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाषणात हे वाक्य येते, निबंधात येते, जयंतीच्या फलकावरही रंगवले जाते. पण ही वसतिगृहे काढावी का लागली, ती जातवार का निघाली, आणि एवढी वसतिगृहे झाल्यावरही अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करण्याचा हुकूम राजर्षी शाहू छत्रपतींना का काढावा लागला, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने तो व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या शिवाजी पेठेत शाळेचे नवल कुणालाच नाही. महाराष्ट्र हायस्कूल पेठेतच, १९७१ साली निघालेले न्यू कॉलेजही पेठेतच. ही दोन्ही चालविणारी श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाऊस ही संस्था १९२० सालची. शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी १९१८ साली शिकारीच्या वेळी अपघातात गेले, त्यांचे नाव तिला आहे. संस्था आज शाळा-कॉलेजे चालवते, पण नावात अजून ‘बोर्डिंग’च आहे. या एका शब्दात कोल्हापूरच्या शिक्षणाचा निम्मा इतिहास साठलेला आहे.

समान संधी म्हटले की आपण फी, पुस्तके, स्कॉलरशिप, राखीव जागा यांचा हिशेब करतो. तो करायलाच पाहिजे. पण पोर शाळेत गेल्यावर त्याच्या शेजारी कोण बसतं, त्याच्याबरोबर डबा कोण खातं, संध्याकाळी अभ्यासाला कुणाची सोबत असते, यावरही त्याचे शिक्षण ठरते. करवीरचा इतिहास हेच सांगतो.

दार उघडले, पण बसायला जागा कुठे?

इ. स. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. एका मुलासाठी बाकीच्या सगळ्यांना दुखवणे बरे नाही, असा त्यावर सरकारचा पवित्रा होता. प्रकरण वरपर्यंत गेले, आणि १८५८ साली सरकारने धोरण जाहीर केले की सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या राहतील. कागदावर दार उघडले.

प्रत्यक्षात काय झाले? महात्मा जोतिबा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे बहुजनांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. कमिशनने तत्त्व म्हणून शाळा सर्वांना खुली असे मानले, पण जिथे विरोध होईल तिथे अस्पृश्यांसाठी वेगळी शाळा काढावी अशी वाटही दाखवून दिली. तडजोड सोपी होती. वेगळी शाळा काढली की तक्रार मिटली, आणि कुणाच्या पोटातले पाणीही हलले नाही. करवीर संस्थानातही अशा वेगळ्या शाळा होत्या.

जिथे शाळा एकच होती तिथे तरी काय होते? प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेतल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि संध्याकाळी घरी आणायचे. तहान लागली तर शिपायाने पाणी घालायचे, शिपाई नसला तर तहान मारायची. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून वर्गातली पोरं डबे काढायला धावली, ही हकीकत चरित्रातून आपण वाचली आहे.

या प्रसंगाकडे नीट पाहिले पाहिजे. शाळा सरकारी होती, प्रवेश मिळालेला होता, मास्तरांनी फळ्याजवळ बोलावलेही होते. म्हणजे शाळेने संधी दिली. अडवले ते वर्गातल्या पोरांनी. ती काही दुष्ट होती असे नाही, घरून जे शिकून आली तेच ती करीत होती. पण फळ्यापाशी जाणाऱ्या पोराला त्या दिवशी किती अंतर चालावे लागले असेल याचे माप कुठल्याही अहवालात मिळत नाही.

बोर्डिंग : भाकरी, छप्पर आणि सोबती

शाहू महाराज २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर बसले. खेड्यातला मुलगा मराठी शाळा शिकला की पुढे हायस्कुलासाठी कोल्हापुरातच यायला पाहिजे. पण आला तर राहणार कुठे आणि खाणार काय? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान वार लावून जेवण्याची सोय होती. बहुजन समाजातल्या पोराला शहरात ओळखदेख नाही, खोली परवडत नाही. अस्पृश्य मुलाला तर पैसे मोजूनही खोली मिळत नव्हती, खाणावळीत पाटही मिळत नव्हता.

महाराजांनी १८९६ साली आधी सर्व जातींसाठी म्हणून एक वसतिगृह काढले. पण हायस्कूल-कॉलेजात पोचलेले विद्यार्थी होते बहुतांशी ब्राह्मण, त्यामुळे तिथे त्यांचाच भरणा झाला. तिथे येऊन पडलेला खेड्यातला एखादा मुलगा एकटा पडायचा. दार सर्वांना उघडे होते, पण आत जाऊन टिकायला बळ लागते. ते बळ सोबत्यांकडून येते, आणि एकट्याला सोबती नव्हते.

म्हणून महाराजांनी दुसरी वाट धरली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन, १९०६ साली मुस्लिम, १९०७ साली लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. या वसतिगृहांना दरबारातून जागा, इमारती, उत्पन्ने मिळाली. मधल्या काळात २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकरीत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. शिकून पुढे काय, या बापाच्या प्रश्नाला त्यात उत्तर होते. १९११ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांचे शिक्षण मोफत झाले.

जातवार बोर्डिंगे काढून महाराजांनी जात घट्ट केली अशी टीका तेव्हाही झाली, आजही कोणी करतो. टीकेत तथ्याचा अंश आहे, त्याकडे पुढे येऊच. पण बोर्डिंगने काय दिले ते आधी समजून घ्यावे. घरात पहिल्यांदाच पाटीला हात लावणाऱ्या मुलाला बोर्डिंगात आपल्यासारखीच वीस-पंचवीस पोरं भेटली. कंदिलाभोवती बसून अभ्यास करणारी, एकमेकांची पुस्तके वापरणारी, परीक्षेच्या आधी एकमेकांना पहाटे उठवणारी. नापास झालेला पोरगा गावाकडे निघाला तर त्याचे दप्तर ओढून धरणाराही कोणीतरी तिथे असायचा. आईबाप शिकलेले नसतील तर घरातली ती उणीव असे सोबती भरून काढतात. भाकरी आणि छप्पर तर मिळालेच, पण ‘आपल्यातला पोरगा शिकू शकतो’ हा विश्वास बोर्डिंगनेच दिला.

१९१९ चा हुकूम

१९१७ साली महाराजांनी संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. अंमलबजावणीची सुरुवात १९१८ मध्ये चिखलीपासून झाली. सगळी पोरं शाळेत येणार म्हटल्यावर जुना प्रश्न परत उभा राहिला. येतील, पण बसतील कुठे? एकत्र की वेगळी?

जानेवारी १९१९ मध्ये महाराजांनी बजावले की संस्थानकडून मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना बरोबरीने, किंबहुना अधिक आपुलकीने वागवावे. ज्या नोकराला हे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. मग सप्टेंबर १९१९ मध्ये तो मोठा हुकूम निघाला. त्या वर्षीच्या दसऱ्यापासून संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद कराव्यात, त्यांच्या मुलांना इतरांप्रमाणेच सरकारी शाळांत दाखल करून घ्यावे, आणि शाळेत शिवाशिव न पाळता सर्व जातीधर्मांच्या मुलांना एकत्र बसवावे.

या हुकुमाचे मोल कळायला एक तुलना करू. अमेरिकेत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा अनेक राज्यांत कायद्यानेच वेगळ्या होत्या. ‘वेगळी पण बरोबरीची’ शाळा ही मुळात बरोबरीची असूच शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला. आपल्या करवीर दरबाराचा हुकूम त्याआधी ३५ वर्षांचा आहे. मुंबई इलाख्यात सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव झाला तो ४ ऑगस्ट १९२३ रोजी, म्हणजे तोही नंतरच.

हुकूम निघाला म्हणजे दुसऱ्या दिवशी मने बदलली असे कोणी समजू नये. महाराजांनाही ते माहीत होते. म्हणून ते स्वतः वागून दाखवीत. गंगाराम कांबळे या आपल्या नोकराला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रोडला चहाचे दुकान काढायला मदत केली आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांसह तिथला चहा घेतला. हा रस्ताही एका सोबत्याचीच आठवण आहे. राजकोट आणि धारवाडला बरोबर शिकलेले भावनगरचे भावसिंहजी यांचे ते नाव. महाराजांना सहाध्यायाची किंमत स्वतःच्या अनुभवातून कळली होती.

बाकापासून पंगतीपर्यंत

आता त्या टीकेकडे येऊ. शाळेत एका बाकावर बसलेली पोरं शाळा सुटल्यावर आपापल्या जातीच्या बोर्डिंगात जात होती. बाक एक झाले, पंगत वेगळीच राहिली.

ही उणीव ओळखणारा विद्यार्थी कोल्हापुरातच तयार झाला. कुंभोजला १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलात शिकत होते आणि जैन बोर्डिंगात राहत होते. १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आले की आंघोळ केल्याशिवाय जेवायला बसता येणार नाही. भाऊरावांनी आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. त्यांना आसरा दिला तो शाहू महाराजांनी.

त्याच भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यात काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. करवीरचा हुकूम निघाला त्याच दिवसांतली ही गोष्ट आहे. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. शाहू महाराजांनी जातवार बोर्डिंगे काढली, आणि त्यांच्याच छत्राखाली वाढलेल्या शिष्याने त्यांच्याच नावाने सर्वांचे बोर्डिंग काढले. दोघांत विरोध पाहू नये. पहिली पायरी चढल्याशिवाय दुसरी चढता येत नव्हती.

बाबासाहेबांच्या आयुष्यातही या दोन्ही पायऱ्या दिसतात. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे कोणी डबे उचलायला धावले नाही. नवल भथेना हा पारशी मित्र तिथे भेटला तो जन्मभराचा झाला. आयुष्यातले उत्तम मित्र आपल्याला कोलंबियातल्या वर्गबंधूंत आणि तिथल्या थोर प्राध्यापकांत लाभले, असे बाबासाहेबांनी १९३० साली लिहिले. १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा भथेनांनी ५,००० रुपये उसने दिले आणि शाहू महाराजांनी १,५०० रुपयांची मदत केली. सोबती किती दूरवर उपयोगी पडतो पाहा. त्याच बाबासाहेबांनी १९२५ साली सोलापूरला अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालवले, आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली तेव्हा सिद्धार्थ कॉलेजचे दार सर्व जातीधर्मांना उघडे ठेवले. आपल्या पोरांना आपल्यांचा आधार पाहिजे, आणि सर्वांबरोबर बसण्याची जागाही पाहिजे. एक दिले म्हणून दुसरे नको, असे होत नाही.

१९६६ ची दोन अहवालांची साक्ष

अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारला शिक्षणातील समान संधीची पाहणी करायला सांगितले. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळांतील सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली अहवाल दिला. सर्वांना वाटले होते की इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांतल्या फरकाने मुलांत फरक पडतो असे निघेल. निघाले वेगळेच. इमारत आणि साधनांपेक्षा घरची परिस्थिती आणि वर्गातले सोबती यांचा प्रभाव जास्त दिसला. आणखी एक गोष्ट दिसली. ‘आपले आयुष्य आपल्या हातात आहे की नशिबाच्या’ या प्रश्नाला मूल काय उत्तर देते, याचा त्याच्या अभ्यासाशी फार जवळचा संबंध होता. नशीब आणि पूर्वकर्म झुगारून स्वतःवर विसंबायला शिकवणाऱ्या बुद्धांच्या मार्गाने आपण का गेलो, हे ज्याला कळते त्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कोलमन यांच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण सोबत्यांचा मुद्दा कोणाला टाळता आला नाही.

त्याच १९६६ साली आपल्या देशात कोठारी आयोगाचा अहवाल आला. गरीब-श्रीमंत सर्वांची मुले आपल्या वस्तीतल्या एकाच शाळेत शिकावीत, अशी समान शाळा पद्धती आयोगाने सुचवली. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. म्हणजे हाही विचार करवीरच्या मातीतून दिल्लीला गेला असे म्हटले तर वावगे होणार नाही. आयोगाच्या पुष्कळ शिफारशी अमलात आल्या. ही मात्र कपाटात राहिली.

आजचे बाक

आज पाण्याचा माठ वेगळा ठेवायची कुणाची टाप नाही. पण बाक पुन्हा वेगळे होऊ लागले आहेत, आणि या वेळी जातीबरोबर पैशानेही. ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने पोराला बस लावून लांबच्या इंग्रजी शाळेत घातले. नगरपालिकेच्या, महापालिकेच्या शाळेत राहिली ती मोलमजुरी करणाऱ्यांची पोरं. यात आपल्यातले नोकरदारही आले, हे मान्य केले पाहिजे. राखीव जागेने वर आलेल्या कुटुंबाचे मूल आणि त्याच गल्लीतले हमालाचे मूल आज एका शाळेत असतेच असे नाही. मग ज्याच्याकडे पाहून शिकावे असा सोबती हमालाच्या पोराला मिळायचा कुठून?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांत पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना द्याव्यात हे त्यातले कलम म्हणजे १९१९ च्या हुकुमाचाच वारस आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर जवळच्या खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट, असे ठरले. ‘तुमच्यासाठी ती शाळा आहे ना, मग इथे कशाला?’ हा १८५६ चा युक्तिवाद नव्या कपड्यात परत आला. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

गरिबांची पोरं आली तर आमच्या पोरांचा अभ्यास बुडेल, ही भीती बोलून दाखवणारे पालक भेटतात. दिल्लीच्या बड्या खाजगी शाळांत अशा जागा आधीच दिल्या जात होत्या. तिथे गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने पाहणी केली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. गरीब वर्गमित्रांबरोबर शिकलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली, गरीब मुलाला टाळण्याची सवय कमी झाली. हिंदी आणि गणितात काही नुकसान दिसले नाही, इंग्रजीच्या गुणांत थोडीशी घट दिसली. म्हणजे एकत्र बसण्याचा फायदा खालून येणाऱ्यालाच होतो असे नाही, आधीपासून बसलेलाही माणूस म्हणून सुधारतो. एल्फिन्स्टनच्या त्या वर्गात डबे काढायला धावलेल्या पोरांनाही चांगले सोबती मिळायला हवे होते.

आपल्या हातात काय आहे?

कायदा आणि न्यायालय आपले काम करतील. पेठेतल्या माणसाच्या हातातही थोडे आहे. आपल्याकडे तालमीत आणि फुटबॉलच्या संघात चांगला खेळणारा पोरगा कुठल्या गल्लीतला, हे बॉल पायात आल्यावर कोणी विचारत नाही. हीच रीत अभ्यासात यायला हवी. विहार, तालीम, मंडळाची खोली, जिथे दिवा आणि सतरंजी आहे तिथे संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालू शकते. दहावीच्या पोराने सातवीच्या पोराला गणित सांगावे, कॉलेजातल्या मुलीने दहावीच्या मुलींना धीर द्यावा. इंग्रजी शाळेत जाणारे आणि महापालिकेच्या शाळेत जाणारे मूल तिथे तरी एका सतरंजीवर बसेल. त्याला अनुदान लागत नाही.

मात्र त्यात आपलीच पोरं आली आणि दुसऱ्यांना दार बंद राहिले, तर आपण १९०१ सालीच थांबलो असे होईल. आणि सर्वांना दार उघडे म्हणून पाटी लावली, पण बुजऱ्या पोराच्या शेजारी जाऊन कोणी बसलेच नाही, तर १८९६ सालचे वसतिगृह आपण परत काढले असे होईल. शाहू महाराजांना पहिल्या वसतिगृहापासून दसऱ्याच्या हुकुमापर्यंत यायला २३ वर्षे लागली. आपल्याला तो रस्ता तयार मिळाला आहे. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या मुलाला किती टक्के पडले एवढेच न विचारता, तुझ्या शेजारी कोण बसतं, त्याचं नाव काय, तो कधी आपल्या घरी जेवायला आला आहे का, हेही एकदा विचारू या.